परातीचा ठोका

“या मानसानं जन्मात एक काम पुरं केलं आसंल तर शपथ! भिंतीला गिलावा केला, तो कंबरंइतका. दाराला रंग दिला, तो भाईरच्या अंगानं. लिंबाला पार बांधाया घेतला, तो आजून अर्धाच हाय. बसनारानं एका अंगानं बसावं आन् दुसऱ्या अंगानं पडावं. आन् आज म्हनं, चाली टेप करायच्यात! त्यापायी माझ्या समद्या गोधड्या भित्ताडाला लटकावल्या. जनू घरात बाळंतीन निजलीय!”

चांगुणाबाई बोलत होत्या सुनेशी. ऐकवत होत्या नवऱ्याला. चुलीपाशी बसून, सोप्याकडं पाठ करून. त्यांचं बहुतेक बोलणं असंच चालायचं, ज्याला लागायला हवं त्याच्याकडं न बघता. सून शेवंता डाळ निवडत होती आणि दर वाक्याला “व्हय आत्याबाई” म्हणत होती. या घरात सासूच्या बोलण्याला उत्तर लागत नाही, नुसता ठेका लागतो, हे तिला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं.

सोप्यात आप्पासाहेब स्टुलावर चढून शेवटची गोधडी मागच्या दारावर अडकवत होते. साठीला टेकलेला, काटक, मोजकं बोलणारा माणूस. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. खाली जमिनीवर नूरमहंमद वायरी जोडून मशीनची बटणं चाचपत बसला होता. त्याचं संगमनेरला लाउडस्पीकरचं दुकान. आसपासच्या गावांतल्या लग्नांत रेकॉर्डी वाजायच्या त्या त्याच्याच. अलीकडं कीर्तनं भरून घ्यायला म्हणून त्यानं मुंबईहून एक टेपरेकॉर्डर आणला होता. ट्रंकेएवढं धूड, वर दोन चाकं, आणि एका चाकावरून दुसऱ्यावर जाणारी तपकिरी फीत. सायकलच्या कॅरिअरवर रजईत गुंडाळून, दवाखान्यात मूल न्यावं तसं जपत तो ते घेऊन आला होता. घरात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. दिव्याचा बल्ब काढून त्याच्या जागी त्यानं वायर अडकवली होती.

“मावशी, मोकळ्या भिंतीवर आवाज घुमतो,” तो म्हणाला. “गोधडी आवाज पिऊन घेती.”

“व्हय का रं? मग रातच्याला तुझ्या आप्पांच्या तोंडावर टाकत जाते एकेक. घोरनं तरी पील.”

शेवंता फिसकन हसली आणि तिनं डाळीत तोंड खुपसलं.

या सगळ्याचं मूळ होतं आप्पांच्या दातांत.

आप्पा प्रवरेच्या पाटावर पाटकरी होते. ज्याची पाळी असेल त्याच्या चारीचं दार उघडायचं, पाणी सोडायचं, पाळी संपली की दार पाडायचं. नोकरी एवढीच, आणि आयुष्य तिच्यातच गेलं. एकदा पाणी सोडलं की पाटकऱ्याला वाट बघण्यावाचून काम नसतं. त्या वाट बघण्यात आप्पांच्या हाती बासरी आली. वेळू स्वतः तोडलेला, भोकं चुलीत तापवलेल्या सळईनं पाडलेली. गुरू कोणी नाही. देवळात भजनाला ते कधी वाजवायला बसले नाहीत, कारण दुसऱ्याची चाल त्यांना धड यायची नाही. स्वतःच्याच यायच्या. पाटाच्या भरावावर बसून त्यांनी त्या जुळवल्या, मोडल्या, पुन्हा जुळवल्या. पाणी सुटतं त्याची एक. पोरगा झाला, बन्सी, त्याची एक. ढवळ्या बैल बाजारला नेला त्या दिवसाची एक.

गेल्या साली ते पेन्शनीत निघाले. त्याच साली पाऊस गेला. यंदाही गेला. पाट कोरडा पडला, त्यात पोरं गोट्या खेळू लागली, आणि आप्पांचे वरचे दात हलायला लागले. संगमनेरच्या दातांच्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, पायोरिया. वरचे सगळे काढायचे, मंगळवारी या.

दात काढायला आप्पांची ना नव्हती. पण वरच्या आळीचा सनईवाला मच्छिंद्र गुरव दात गेल्यापासून सनईकडं ढुंकून बघत नव्हता. ओठाला मागून आधार लागतो. तो गेला की फुंक पसरते, सूर धरत नाही. त्यानं कवळी बसवून बघितली, तर सनईआधी कवळीच वाजायची. आप्पांना हे ठाऊक होतं. दोन-चार दिवस ते जेवताना, झोपताना, कधीच काही बोलले नाहीत. बोलला तो नूरमहंमद. लग्नाच्या सुपाऱ्या घेत हिंडताना पाटाच्या रस्त्यावर सायकल थांबवून त्यानं त्या चाली वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या.

“आप्पा, दुकानात माझ्याकडं कपाटभर रेकॉर्डी हायेत. तुमची एकबी चाल त्यात न्हाई. मंगळवारी दात जानार, त्यांच्यासंगं ह्याबी जातील. ऐतवारी मशीन घिऊन येतो. सांजच्याला एक लगीन हाय, तवर समद्या भरून घेऊ.”

म्हणून हा रविवार. म्हणून कोंबड्या डालग्याखाली, शेळी लांब बाभळीला, आणि चांगुणाबाईंनी एकेक टाका घालून शिवलेल्या गोधड्या भिंतीवर.

“मावशी, जरा भाईर या. गंमत ऐका.”

नूरमहंमदनं बटण दाबलं. चाकं उलटी फिरली, थांबली, सुलटी फिरू लागली. पेटीतून आधी खरखर आली, मग एका बाईचा आवाज. पातळ, धारदार, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.

चांगुणाबाई हात पुसत दारात आल्या. “कोन ही कैदाशीन? कुनाला सोलतीय येवढं?”

पेटीतली बाई थांबायला तयार नव्हती. “...दाराला रंग दिला, तो भाईरच्या अंगानं...”

“अगं बया! हिच्याबी घरी तसलंच हाय की!”

“...लिंबाला पार बांधाया घेतला, तो आजून अर्धाच हाय...”

चांगुणाबाईंचा चेहरा बघता बघता उतरला. नूरमहंमद पोट धरून हसत होता. शेवंतानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. आप्पा तेवढे हसले नाहीत. पाणी सोडल्यावर ते पाटाकडं बघत बसायचे, तसे त्या फिरत्या चाकांकडं बघत होते.

“मी आशी बोलते?” बाईंनी विचारलं.

“आशीच,” आप्पा म्हणाले.

“नूऱ्या, पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस.”

“पुसू नगंस,” आप्पा म्हणाले. “ऱ्हाऊ दे. फीत हाय मोप.” आणि मग बायकोकडं बघून, जरा चाचरत, “आता मातुर सांजंपातूर जरा गप ऱ्हा. त्येला समदं ऐकू जातंय.”

एरवी हे वाक्य चांगुणाबाईंनी जमिनीवर पडू दिलं नसतं. पण त्या वळल्या आणि आत गेल्या. चुलीपुढं बसून उगाच लाकडं पुढं-मागं केली. त्यांना वाटायचं, आपला आवाज म्हणजे वजनदार, चार माणसांत उठून दिसणारा. भावकीतल्या भांडणात त्या बोलायला उभ्या राहिल्या की पुरुष गप्प व्हायचे, ते या आवाजापुढंच ना? आणि निघालं हे! बरं, या माणसाचे कान साधे नव्हेत. चारीचं पाणी कुणी मधेच फोडलं तर अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखायचा. असल्या कानांनी लग्न झाल्यापासून हे ऐकलं, आणि एका शब्दानं बोलला नाही!

“शेवंता,” त्या म्हणाल्या, “सांजंपातूर माझं तोंड बंद. काय लागलं तर खुनंनं इचार.”

“व्हय आत्याबाई,” शेवंता म्हणाली, आणि घाबरून सासूच्या तोंडाकडं बघत राहिली.

सोप्यात बासरी सुरू झाली. आधी पाणी सुटतं ती चाल. बारीक, कोरड्या चारीत पहिली ओल पसरावी तशी निघाली, मग भरत गेली. मग बन्सीची. बन्सी आता नागापूरच्या कारखान्यात लेथवर होता, शनिवारी रात्री घरी यायचा आणि रविवारच्या दुपारच्या गाडीनं परत जायचा. आज घाईनं जेवून निघाला होता. त्याच्या जन्माची चाल मात्र अजून रांगत होती. चार पावलं पुढं, धप्पकन बसली, पुन्हा चार पावलं.

चांगुणाबाई कधी बासरी ऐकायला म्हणून बसल्या नव्हत्या. कामाच्या माणसाला कशाला वेळ? पण एकेक चाल त्यांना पाठ होती, हे त्यांना आजच कळत होतं. कुठं फुंक फाटली, कुठं आप्पांनी हलणारा दात जिभेनं दाबून धरला, कुठं दम पुरला नाही, सगळं चुलीपाशी समजत होतं. ढवळ्याच्या चालीत मधेच सूर ओला झाला तेव्हा त्यांनी शेवंताला खुणेनं तांब्या भरून बाहेर पाठवलं. शेवंता परत आली ती पांढरी पडून.

“रगत येतंय, आत्याबाई. चूळ भरत्यात आन् पुन्यांदा लावत्यात.”

बाईंनी हातानंच सांगितलं, येऊ दे.

ऊन कललं. नूरमहंमद दोनदा दारात जाऊन सावली बघून आला.

“आप्पा, आता ती सांजंची तेवढी घिऊ. ती ऱ्हायली म्हंजी कायच घेतलं न्हाई.”

सांजेची चाल सगळ्यांत जुनी. चांगुणाबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हाची.

तेव्हा सासू होती, साळूबाई. तिच्यापुढं चांगुणाबाईंचीही मान खाली असायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. संध्याकाळी भाकरी झाल्या की भरावावर बसलेल्या नवऱ्याला बोलवायचं कसं, हा घोर होता. नाव घ्यायची सोय नाही. नव्या सुनेनं हाळी देणं शोभत नाही. बाकीच्या बायका पोराच्या नावानं हाक मारून नवऱ्याला बोलवायच्या. इथं पोर व्हायचं होतं. मग चांगुणाबाईंनी माहेराहून आलेली पितळी परात उचलली, मागच्या दारात उभ्या राहिल्या आणि तिच्या काठावर उलथनं ठोकलं. ठण, ठण. जरा थांबून, ठण. भरावावर बासरी थांबली. थोड्या वेळानं आप्पा वाटेनं येताना दिसले.

पुढं बन्सी झाला, साळूबाई गेली, हाक मारायला कुणाची आडकाठी उरली नाही. पण ठोका तो ठोकाच राहिला, अगदी पेन्शनीनंतर आप्पा कोरड्या पाटावर जाऊन बसायचे तेव्हाही. गावात बायका म्हणायच्या, “आप्पासायबाची शाळा सुटली बघा.” परातीच्या काठाला त्या जागी पोचा पडला होता. आणि रोज त्या वेळी वाजणारी ती सांजेची चाल रोज एकाच ठिकाणी थांबायची. तिला शेवट नव्हता. “तेवढी येक तरी शेवटाला न्या,” असं चांगुणाबाई कितीदा बोलल्या असतील. “बघू,” म्हणत आप्पा हात धुऊन ताटावर बसायचे.

आता सोप्यात ती चाल निघाली. खालून, सावकाश, दिवसभराचं काम आवरत आल्यासारखी. चढत गेली. वर, जिथून सगळा पाट दिसावा अशा ठिकाणी पोचली आणि थांबली.

नुसती चाकं फिरत होती.

मग बासरीनं दोन-चार सूर काढले. ते चुकलेल्या वासरासारखे इकडं तिकडं हिंडले आणि पडले.

“थांबीव,” आप्पा म्हणाले. “पुन्यांदा.”

पुन्हा तेच. वरच्या ठिकाणापर्यंत सुरेख, पुढं चिखल. तिसऱ्या खेपेला तर आप्पा तिथं पोचून नुसते बसूनच राहिले, बासरी ओठाला तशीच.

“आप्पा,” नूरमहंमद हळूच म्हणाला, “पुसून पुन्हा घेतोय, त्येचं काय न्हाई. पर वऱ्हाड यायची येळ झाली. आनखी येकदा घेता यील. फार तर.”

चुलीपाशी चांगुणाबाईंच्या भाकरी केव्हाच झाल्या होत्या. चाल त्या ठिकाणी आली की त्यांचा उजवा हात आपोआप उलथन्याकडं जायचा. दर खेपेला त्यांनी तो डाव्या हातानं धरून ठेवला होता. गप्प राहायला सांगितलंय ना? मग गप्प म्हणजे गप्प. आपलं तोंड त्या पेटीत शिरलं आणि कैदाशीण झालं. आता परातीची काय दशा होईल कुणाला ठाऊक.

आप्पा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात आले. हनुवटीवर रक्ताची सुकलेली रेघ होती.

“भाकरी झाल्या न्हाईत व्हय?”

बाईंनी बोटानं टोपलं दाखवलं.

“मग ठोकली का न्हाईस?”

इथं मात्र दुपारपासून अडवलेलं पाणी दार मोडून निघालं.

“गप ऱ्हा म्हनलावता न्हवं? त्येला समदं ऐकू जातंय म्हनं! माझं तोंड ऐकून झालं त्येचं, तेवढं बास. आता परातबी ऐकवू का? आन् त्या नूऱ्याला पुन्यांदा दात काढू दे हसून?”

“तोंड गप ठिव म्हनलो,” आप्पा म्हणाले. “परात न्हवं.”

“तुमची चाल हाय. तुमी न्या शेवटाला. न्हेली का आजवर?”

आप्पा उंबऱ्यावर टेकले. बासरी धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. एवढं लांब बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून शब्द एकेक करून आले.

“बसलो हुतो जुळवत. येकदा न्हाई, लईदा. तिथनं फुडं काईबी लावलं तरी खोटंच वाटतंय. मग इचार केला, कशाला लावायचं? फुडचं तर रोज वाजतंय.” ते थांबले. “तू ठोकल्याबिगर म्या उठू कसा?”

चुलीतलं लाकूड फुटलं. शेवंता डाळीचं सूप धरून पुतळ्यासारखी बसली होती.

चांगुणाबाईंनी टोपल्यातल्या भाकरी एका फडक्यात बांधल्या, टोपल्याखालची परात काढली, पदरानं तिचा काठ पुसला.

“शेवंता, चूल बघ.”

सोप्यात नूरमहंमदनं लगबगीनं मशीनपाशी जागा केली. “मावशी, हितं बसा. माइकाम्होरं.”

“तू तुझी चाकं फिरीव. मला शिकवू नगंस. ही परात मागल्या दारातनंच वाजती.”

मागच्या दारावर गोधडी होती. आप्पांनीच ती दुपारी चढवली होती. त्यांनी स्टूल न घेताच हात वर करून तिचं एक टोक ओढलं. खिळ्यासकट गोधडी खाली आली. संध्याकाळचं तांबूस ऊन आत पडलं. दारापलीकडं कोरडा पाट, त्याचा भराव, भरावावरची ती झिजलेली जागा. चांगुणाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, घराकडं पाठ करून, जशा रोज राहायच्या.

नूरमहंमदनं बटण दाबून बोटानं खूण केली.

चाल निघाली. चांगुणाबाई बाहेर बघत होत्या. भरावावर कोणी नव्हतं, आणि बासरी पाठीमागून येत होती, ते त्यांना चमत्कारिक वाटलं. डोळे मिटले तर बरं पडत होतं. डोळे मिटल्यावर माणूस आपल्या जागेवर होता, पाटाला पाणी होतं, आणि आत साळूबाई कण्हत कूस वळवत होती. चाल चढली. त्या वरच्या ठिकाणी पोचली आणि थांबली.

ठण, ठण.

त्यांनी जरा दम घेतला. किती घ्यायचा हे हाताला माहीत होतं.

ठण.

पितळेचा सूर दारातून पाटाकडं गेला आणि हळूहळू विरला. तो पुरता विरायच्या आत, रोजच्या सवयीनं, तोंडातून निघून गेलं, “या आता, निवाल्या समद्या!”

चांगुणाबाईंनी जीभ चावली. पण नूरमहंमदनं मशीन बंद केलं नाही. त्यानं हात वर धरून सगळ्यांना थांबवलं होतं. आप्पांनी बासरी जमिनीवर ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मग त्यांचे गुडघे वाजले. ते उठले होते.

मंगळवारी दात गेले. डॉक्टरनं ते कागदाच्या पुडीत बांधून दिले, आप्पांनी ते येताना नदीच्या पुलावरून खाली टाकले. वरचा ओठ आत गेला, गाल बसले. आरशात बघून ते स्वतःलाच म्हणाले, “ह्यो कोन?” दातांशिवाय ते धड उमटलं नाही. चांगुणाबाई भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागल्या. बासरी बाईंनीच खुंटीवरून काढली, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि पुन्हा तिथंच लावली. तिला वाळवी लागू नये, एवढ्यासाठीच. कुणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी भाकरी झाल्यावर त्या परात घेऊन मागच्या दारात गेल्या. उलथनं उचललं. आणि बघतात तर आप्पा तिथंच, उंबऱ्याला टेकून बसलेले. भरावावर जायचं कशाला? आता ठोकायचं कुणासाठी? माणूस हाताच्या अंतरावर बसलाय. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाई परात घेऊन आत आल्या.

“हितंच देते,” एवढंच म्हणाल्या. त्यात ना टोमणा होता ना चढ. शेवंतानं दचकून वर बघितलं.

त्यानंतर रोज तसंच. आळीतली झुंबरबाई पाण्याला जाताना एकदा म्हणालीसुद्धा, “काय गं चांगुणा, शाळा बंद पडली का?” एरवी तिची धडगत नव्हती. चांगुणाबाई नुसत्या “मास्तर आजारी हायेत,” म्हणाल्या आणि हंडा डोक्यावर घेतला.

लग्नसराई ओसरल्यावर एका रविवारी नूरमहंमद पुन्हा मशीन घेऊन आला. या खेपेला गोधड्या घडवंचीवरच राहिल्या. बन्सीनं दुपारची गाडी सोडली, रात्रीच्या गाडीनं जाईन म्हणाला. सोप्यात सगळे बसले. आप्पा भिंतीला टेकून, कंबरेइतक्या गिलाव्याला पाठ लावून.

चाकं फिरली. खरखर आली. आणि सगळ्यांत आधी तीच कैदाशीण. “या मानसानं जन्मात एक काम पुरं केलं आसंल तर शपथ...”

बन्सी आईकडं बघून हसू दाबायला लागला. “आई, हे लई ब्येस भरलंय बघ.”

“पूस म्हनलं हुतं न्हवं?” चांगुणाबाई आढ्याकडं बघत म्हणाल्या.

“आप्पा न्हाई म्हनलं,” नूरमहंमद म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. बोलायचं ते शक्यतो टाळत होते.

मग बासरी. पाणी सुटलं. बन्सी रांगला; खरा बन्सी हसायचा थांबला आणि गुडघ्यात मान घालून ऐकत बसला. ढवळ्या बाजाराच्या वाटेला लागला. आप्पांचे ओठ आत गेलेले, मिटलेले. पण गुडघ्यावर बोटं हलत होती. एकेक भोक झाकत होती, उघडत होती, कुठं चुकत नव्हती. चांगुणाबाई ऐकत होत्या पेटी आणि बघत होत्या ती बोटं.

सांजेची चाल लागली तेव्हा त्या उठून आत गेल्या. दुधात कुस्करलेल्या भाकरीची ताटली घेतली आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

चाल चढली. वर पोचली. थांबली.

ठण, ठण. आणि ठण.

“या आता, निवाल्या समद्या!”

आप्पांनी गुडघ्यावर हात टेकला आणि ते उठले. उठून उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पेटीतही कोणीतरी उठत होतं, त्याचे गुडघे वाजले. मग फीत संपली आणि मोकळं टोक चाकावर फटफट आपटू लागलं. ते थांबवायचं नूरमहंमदच्याही लक्षात आलं नाही. आप्पा सोप्याच्या मध्यभागी ओशाळून उभे होते, जायचं कुठं ते न कळल्यासारखे. कोणी हसलं नाही.

चांगुणाबाई पुढं झाल्या. ताटली त्यांच्या हातात दिली. आणि या खेपेला सुनेकडं नव्हे, भिंतीकडं नव्हे, सरळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या:

“बसा. जन्मात येक काम पुरं केलंत तुमी. आन् त्येबी माझ्या परातीनं.”